पहिली बादली शेळीला

दुष्काळात आमच्या सेवा क्लबनं वर्गणी काढून पिशोरजवळच्या एका धनगरवस्तीवर पाण्याचा टँकर नेला. अध्यक्षांनी तो वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतून फारच स्वस्तात मिळवला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. बॅनर धरून फोटो झाले, पण बायका हंडे भरेनात. एका म्हातारीनं पहिली बादली शेळीपुढं ठेवली.

अध्यक्ष वैतागले. "आजी, हे पाणी माणसांसाठी आणलंय."

"व्हय, म्हणून तर आधी तिला पाजते."

तहानलेल्या शेळीनं बादलीत तोंड घातलं, वास घेतला आणि मान फिरवली. बायका रिकामे हंडे घेऊन निघाल्या.

"जनावराला काय कळतंय," अध्यक्ष म्हणाले.

मी त्याच बादलीतला पेला भरून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी गाडीतली विकतची बाटली उघडली.