कहाणीतली चांगली बाई

मी दुसरीपर्यंत शिकले, पण कहाण्या मला तोंडपाठ. घोटीकडच्या आमच्या गावात श्रावणातल्या शुक्रवारी बाया जिवतीचा कागद भिंतीला लावून लेकरांसाठी पूजा करतात. नवरा गेल्यापासून हळदीकुंकवाला मला कोणी बोलवत नाय, कहाणी सांगायला मात्र बोलवतात. माझी दोन लेकरं गेली त्या वर्षीबी मी दुसऱ्याच्या वावरात चिखलात वाकून भाताची आवणी केली, आन् शुक्रवारी कहाणी सांगितली.

कहाणी अशी, की एका गरीब बाईचं पोर गेलेलं, घरात एकच भाकर. दारात म्हातारी येती, बाई तिला ती देऊन टाकती. म्हातारी निघती देवी. बाईचं मेलेलं पोर उठून बसतं. मग ऐकणाऱ्या बाया मुठीतले तांदूळ जिवतीवर वाहतात.

शेजारच्या सुनेचं पोर गेल्या साली तापानं गेलं. यंदा ती पूजेला बसंना, धड जेवंना. सासू मला म्हणाली, तुमचं ऐकंल, सांगून बघा. मी गेले. तिनं मान वर न करता विचारलं, "आत्या, ती बाई चांगली व्हती म्हणून तिचं पोर उठलं. मग मी वाईट व्हते का?"

मी उठून घरी आले. माझी दोन गेली तरी हे मला कधी सुचलं नव्हतं, याचंच नवल वाटत राहिलं. भाकर दिली ते चांगलं, का देवी निघाली म्हणून चांगलं? निंदायला वाकले तरी डोक्यात तेच.

पुढच्या शुक्रवारी त्यांच्याच घरी पूजा व्हती. मी सांगितलं, म्हातारीनं भाकर खाल्ली, पाणी पिली, निघून गेली. ती नुसती म्हातारीच व्हती. पोर काय उठलं नाय.

बायांच्या मुठी तशाच. तांदूळ कधी वाहायचे ते कळंना. सासू माझ्याकडं बघून म्हणाली, आक्का आज अर्ध्यातच झोपल्या जणू. एक म्हणाली, मग भाकर वायाच गेली की. दुसरी म्हणाली, वाया कशी, म्हातारीचं पोट भरलं ना.

सून चुलीपाशी व्हती. उठून उंबऱ्यात येऊन बसली. दुसऱ्या दिवशी म्हातारी परत आली का, म्हणून विचारलं. मला कुठं ठाऊक? म्हटलं, तूच सांग.

"आली. पण बाईनं दार उघडलं नाय. लय दिवस उघडलं नाय."

बाया चुळबुळल्या. मी हातानं गप्प केलं. पुढं काय असंल, मला खरंच कळंना.

"मग?"

"मग म्हातारी भाईरूनच म्हणाली, भाकर नको मला. तुझ्या लेकराचं नाव काय व्हतं, तेवढं सांग."

आन् तिनं आपल्या पोराचं नाव घेतलं. वर्षभर त्या घरात ते कोणी काढलं नव्हतं. सासूनं तोंडाला धरलेला पदर काढला आन् तिच्या मागून तेच नाव म्हटलं.