परब काकांचे एकतीस साक्षीदार

मृत्युपत्राला साक्षीदार लागतात दोन. परब काकांच्या मृत्युपत्रावर होते एकतीस.

कागद माझ्या टेबलावर ठेवून काका खुर्चीत ऐटीत बसले. चेहरा असा की पेढे वाटायला आलेत. "बघ वकीलबाई. दोनाच्या जागी एकतीस! आता कोणाची हिंमत आहे हे मोडायची?"

मी कागद उलटा केला. मागे सह्याच सह्या. त्याला टाचलेल्या दुसऱ्या कागदावरही सह्या. प्रत्येक सहीसमोर फ्लॅट नंबर. आठ नंबरने सहीखाली "वाचले" असं लिहिलं होतं. सतरा नंबरने संधी साधून लिहिलं होतं, "टाकी कधी साफ होणार?"

"काका, ह्या सह्या घेतल्या कोणी?"

"कोणी म्हणजे? वॉचमनने. नेहमीसारख्या."

मी कपाळावर हात मारला.

माझं ऑफिस मुलुंड पूर्वेला, एका पिठाच्या गिरणीच्या शेजारी. तीस वर्षं झाली तिथे. माझ्या फायलींवर कायम ज्वारीचं पीठ असतं, आणि अशील येतात ते दळण टाकून येतात. परब काका त्यातलेच. मागच्या गल्लीतल्या सोसायटीचे सव्वीस वर्षं सेक्रेटरी. वय अठ्ठ्याहत्तर. पाणी येणार नाही, गच्चीवर पापड वाळत घालू नयेत, काहीही असो, काका वळणदार अक्षरात नोटीस लिहिणार आणि वॉचमन ती दारोदार फिरवून सह्या आणणार. सही आली म्हणजे विषय संपला. हा त्यांचा जन्माचा नियम. मृत्युपत्रालाही त्यांनी तोच लावला. घरात एकट्याने बसून सही केली आणि कागद वॉचमनच्या हातात दिला.

"काका, हे चालणार नाही."

"का?"

"साक्षीदार कशाचा असतो? तुम्ही सही केलीत त्याचा. त्याने तुम्हाला सही करताना बघायला हवं, नाहीतर तुम्ही स्वतः त्याला सांगायला हवं की ही माझी सही. आणि त्याने त्याची सही तुमच्यासमोर करायची. यातल्या एकाने तरी तुम्हाला बघितलं का?"

"अगं, रोज बघतात!"

"सही करताना?"

काका भडकले. "म्हणजे एकतीस माणसं खोटी? आणि तू आणशील ती दोन खरी?"

"माणसं खरी आहेत. साक्ष खोटी आहे."

मी हसत होते, पण आतून मला हसू येत नव्हतं. कारण पुढच्या गुरुवारी काकांचं हार्टचं ऑपरेशन होतं. हातात आठ दिवस होते. आणि त्या कागदावर एका बाईचं छप्पर अवलंबून होतं.

ती बाई म्हणजे सुजाता, काकांची भाची. वय एक्कावन्न. घाटकोपरला एका लॅबमध्ये रिसेप्शनवर. लग्न टिकलं नाही, आई गेली, तेव्हा मामा-मामींकडे आली. अठरा वर्षं झाली. मामींचं शेवटचं आजारपण तिने काढलं, आता मामांच्या गोळ्या, पथ्य, रुसवे-फुगवे सगळं तिच्याकडे. काकांना मूलबाळ नाही. मृत्युपत्र नसेल, तर कायद्याने तो फ्लॅट जाणार काकांच्या धाकट्या भावाकडे, अंकुश परब यांच्याकडे, ते कणकवलीजवळच्या गावात असतात. भाऊ हयात असताना बहिणीच्या मुलीचा नंबरच लागत नाही. सुजाताला एक वीटही मिळाली नसती.

"पण मी नॉमिनेशन केलंय ना," काका म्हणाले. "सोसायटीच्या रजिस्टरला सुजाताचंच नाव आहे. मीच लिहिलंय."

सव्वीस वर्षं सेक्रेटरी, आणि हे! मी म्हटलं, "काका, तुम्ही गावाला जाताना चावी शेजाऱ्यांकडे ठेवता. म्हणून घर शेजाऱ्यांचं होतं का? नॉमिनी म्हणजे चावी सांभाळणारा. मालक कोण ते मृत्युपत्र ठरवतं."

"मग मी किती लोकांना चुकीचं सांगितलं!" काकांनी डोक्याला हात लावला.

त्यांनी आधी चौकशी केली होती, ती मात्र व्यवस्थित. एका मोठ्या ऑफिसातल्या वकिलाने सांगितलेली फी ऐकून त्यांच्या छातीत तिथेच दुखलं. मग इंटरनेटवरची एक सर्व्हिस बघितली, तिथे सगळं इंग्रजीत आणि प्रश्नाला उत्तर द्यायला माणूस नाही. शेवटी स्टेशनरीच्या दुकानातून छापील फॉर्म आणला आणि स्वतःच भरला.

"माझ्याकडे का नाही आलात?"

"तू पण वकीलच ना."

"फॉर्म वाईट नव्हता," मी म्हटलं. "मृत्युपत्र साध्या कागदावर होतं. स्टॅम्प पेपर लागत नाही. तुमचं अक्षर माझ्या टायपिस्टपेक्षा बरं आहे, तुम्ही हातानेच लिहा. मजकूर मी सांगते. माझी फी तुम्हाला परवडेल, नाही परवडली तर कुळथाचं पीठ द्या."

स्टॅम्प पेपर लागत नाही म्हटल्यावर काकांची कळी खुलली. आम्ही लिहायला बसणार, एवढ्यात दार ढकलून सुजाता आत आली. लॅबच्या युनिफॉर्ममध्ये, धापा टाकत.

"मामा, हे काय चाललंय तुमचं? सगळ्या बिल्डिंगला काय वाटत फिरताय?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी सांगायला कशाला हवं? वॉचमन आपल्याही दारात आला होता! अकरा नंबर, सही करा म्हणाला. मी पाण्याची नोटीस समजून केली. मग वाचली." तिने माझ्याकडे बघितलं. "मॅडम, चौदावी सही माझी आहे."

मी मोजून बघितलं. खरंच होती. माझ्या तीस वर्षांच्या वकिलीत ज्याला घर मिळतंय त्याची सही वॉचमनने घेतल्याचं हे पहिलंच प्रकरण.

पण ती हसत नव्हती. खाली बसली आणि रडायलाच लागली. "मी बदलापूरला खोली बघून आले होते, मॅडम. मागच्या रविवारी. मैत्रिणीकडे जाते सांगून गेले. म्हटलं, ऑपरेशनमध्ये काही कमीजास्त झालं, तर धाकटे मामा येतील, त्यांचं घर, आपण आधीच निघालेलं बरं. कोणी जा म्हणायच्या आत."

काका तिच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "अगो, अठरा वर्षां... आणि तुका वाटला मी तुका रस्त्यावर सोडतलंय?"

"तुम्ही कधी काही बोललातच नाहीत!"

"बोलूचा काय त्यात? माका वाटला तुका म्हायत आसा!"

काका मालवणीवर आले की समजायचं, आतून हलले. मी उगाच फाईल चाळत बसले. शेजारची गिरणी सुरू होती ते बरं झालं. माझेही डोळे भरले होते, आणि वकिलाने अशिलासमोर रडू नये.

मग कामाला लागलो. मजकूर पानभर. मी कोण, माझं वय काय, हे मी कोणाच्या दबावाशिवाय लिहितोय. फ्लॅट सुजाताला. बँकेत आहे ते सुजाताला. गावच्या घरातला हिस्सा अंकुशला. आणि एक वाक्य जे छापील फॉर्ममध्ये राहून जातं: यात न लिहिलेलं, पुढे मिळणारं, उरलंसुरलं सगळं कोणाला. ते नसलं तर एखाद्या विसरलेल्या एफडीसाठी वारसांना कोर्टाच्या फेऱ्या. शिवाय फॅमिली डॉक्टरांचं सर्टिफिकेट, की गृहस्थ शुद्धीवर आहेत आणि काय लिहितायत ते त्यांना कळतंय. आणि रजिस्ट्रेशन. ते सक्तीचं नाही, पण सरकारी फी किरकोळ असते, आणि उद्या कोणी ही सही यांची नव्हेच म्हणालं तर सरकारी रजिस्टर उत्तर देतं. शनिवारची अपॉइंटमेंट मिळाली.

राहिले साक्षीदार. काकांहून तरुण हवेत, कारण साक्षीदार आधी गेला तर साक्ष द्यायची कोणी? एक, डॉक्टर स्वतः तयार झाले. दुसऱ्यासाठी मात्र बिल्डिंगमध्ये भांडणं लागली. आपली सही रद्द झाली म्हणून लोक रागावले होतेच. आता प्रत्येकाला तो मान हवा. आठ नंबरच्या बाई म्हणाल्या, "मी तर वाचून केली होती!" काका मीटिंग बोलवायला निघाले होते. मी म्हटलं, खबरदार.

आणि शुक्रवारी सकाळी अंकुश परब ऑफिसात हजर. सहासष्ट वर्षांचे, उंच, हातात पिशवी, रात्रभर प्रवास करून आलेले. बिल्डिंगमधल्या कोणीतरी गावी फोन केला होता. हा माणूस हरकत घ्यायला आला, तर गुरुवारपर्यंत काय काय होईल? काका आणि सुजाता समोरच बसले होते. सुजाताने मान खाली घातली.

"कागद बघू," ते म्हणाले.

काकांनी मान हलवली. मी दिला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. परत दिला.

"साक्षीदार मिळालो?"

"एक मिळालाय."

"दुसरो मी."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "अंकुशराव, हे मृत्युपत्र नसतं तर फ्लॅट तुम्हाला मिळाला असता. हे माहीत आहे ना?"

"म्हायत आसा." मग माझ्यासाठी शुद्ध बोलले. "वकीलबाई, माझ्या वहिनीचं शेवटचं सगळं ह्या पोरीने केलं. मी काय केलं? तेराव्याला आलो, जेवलो, गेलो. घर काय घेऊन बसलात. माझो भाव हॉस्पिटलातसून घराक येवक होयो."

सुजाता उठून त्यांच्या पाया पडली. काका खिडकीबाहेर बघत नाक पुसत होते.

वकिलीच्या भाषेत सांगायचं तर याहून भक्कम साक्षीदार नाही. गावचा हिस्सा त्यांना मिळत होता, पण हिंदूंच्या मृत्युपत्रात तेवढ्याने साक्ष बाद होत नाही. ज्याने मृत्युपत्र मोडलं असतं तोच माणूस डोळ्यादेखत सही बघतो आणि स्वतः सही करतो. उद्या तो, त्याची मुलं, कोणीही काय बोलणार?

शनिवारी आम्ही सगळे रजिस्ट्रार ऑफिसात. काकांचा अंगठा मशीनवर उमटेना. तीनदा पुसला, चौथ्यांदा उमटला. अधिकाऱ्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "आजोबा, कोणाचा दबाव नाही ना?"

"आहे ना," काका म्हणाले. मी हादरले. "ही भाची. कालपासून म्हणतेय मला घर नको, फक्त बरे होऊन या. मी तिचं ऐकलेलं नाही."

अख्खी रांग हसली. काकांनी सही केली. डॉक्टरांनी बघितली, अंकुशरावांनी बघितली, मग दोघांनी त्यांच्यासमोर सह्या केल्या. पाच मिनिटांचं काम.

गुरुवारचं ऑपरेशन झकास झालं. काका दहाव्या दिवशी घरी आले आणि पंधराव्या दिवशी टाकी साफ करण्याची नोटीस निघाली.

पुढे चारेक महिन्यांनी त्यांचा फोन. आवाज चढलेला. मागे ठोकाठोकी ऐकू येत होती.

"वकीलबाई, सुजाताने स्वयंपाकघराचा ओटा फोडायला काढलाय! म्हणते, अठरा वर्षं ह्या बुटक्या ओट्याने माझी पाठ मोडली. भिंतीला खिळे ठोकलेत, आईचा फोटो लावलाय, टाइल्स पण तिनेच निवडल्या. मला विचारलं पण नाही! मी अजून मेलंय नाय! कायद्याने हिला असं करता येतं?"

"नाही येत. मृत्युपत्र तुमच्या नंतर लागू होतं."

"मग?"

"मग थांबवा तिला."

ठोकाठोकी चालूच होती. मग काका हळूच म्हणाले, "टाइल्स बऱ्या आहेत गो."

मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं, असं आम्हाला लॉ कॉलेजात शिकवलं. खरं आहे ते. पण ज्याला द्यायचंय त्याच्या कानावर हयातीतच घाला. खिळा ठोकायला तो अठरा वर्षं थांबलेला असतो.