ओवीतले नाव

परवा साखर कारखान्याच्या मोळीपूजनाला कर्ण्यावर ओवी लागली आणि मळीच्या त्या उग्र वासात मला बसवेना. निवेदक सांगत होता की, दुष्काळात कोंडाबाईने हीच ओवी म्हटली, तेव्हा जुन्या चेअरमनांनी खूश होऊन तिला साडीचोळी दिली. हे साफ खोटे आहे. मी तिथे खडी फोडत होतो.

केजजवळच्या उघड्या माळावर दुष्काळी काम चालू होते. हातोड्यांच्या ठेक्यावर बाया ओव्या म्हणत. ओवीत भावाचे नाव घेण्याची रीत. कोंडाबाईने त्या जागी चेअरमनांचे नाव घेतले आणि विचारले, तुझा ऊस हिरवागार, तर बहिणीची घागर कोरडी कशी? नेमकी तेव्हाच त्यांची जीप येऊन थांबली.

मुकादम धावत आला. "सायबांचं नाव कावून घेतलं गं?"

"भाऊच म्हनलं की. शिवी दिली का?"

"दुसरं नाव घे, न्हाईतर उद्यापासून कामावर येऊ नको."

"मला दुसरा भाऊ न्हाई, मुकादम."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. दुसऱ्या दिवशी मात्र कोंडाबाईला कामावर घेतले नाही, आणि माळावर नुसते हातोडे वाजत राहिले.

कर्ण्यावरच्या ओवीत चेअरमनांचे नाव होते, प्रश्न तेवढा गाळलेला होता. मी मंडपात उभा राहून तो खड्या आवाजात म्हटला. लोकांनी गाण्याला दाद द्यावी तशा टाळ्या वाजवल्या. जुन्या चेअरमनांचा नातू, आताचा चेअरमन, हसत आला आणि माझ्या पाया पडला.