फिजिओवर केलेलं स्टिंग ऑपरेशन

हसायचं तर खुशाल हसा, पण माझा मुद्दा आधी ऐका. तपासल्याशिवाय कुणावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी आयुष्यभर बातमीदारी करून शिकलोय. आता पेशंट झालो म्हणून ते सोडून देऊ?

झालं असं, की उजव्या कुल्ल्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत वीज धावायला लागली. सायटिका. खुर्चीतून उठताना मी जे बोलायचो ते छापण्यासारखं नव्हतं. आमचा संपादक वयाने माझ्या मुलासारखा. तो म्हणाला, "सर, आता डेस्कवर बसा." मी? डेस्कवर? दुसऱ्यांच्या बातम्यांतले स्वल्पविराम वेचत? त्याला ठणकावलं, सोमवारी विक्रोळीला पाण्यासाठी मोर्चा आहे, त्याची बातमी मीच करणार.

म्हणून बायको, सुनंदा, मला मुलुंडमधल्याच एका फिजिओथेरपिस्टकडे घेऊन निघाली. जिन्यात शेजारचे सावंत भेटले. त्यांचाही पाय दुखत होता आणि तिथे म्हणे महिनाभर त्यांची कंबरच शेकली. दुखतो पाय आणि शेकतात कंबर? मला घोटाळ्याचा वास आला. तिथल्या तिथे स्टिंग ऑपरेशन ठरवलं. दुखतो उजवा, सांगायचा डावा. फिजिओने मुकाट डाव्यावर उपचार सुरू केले, की पहिल्या पानाची बातमी!

सुनंदा पडद्याबाहेर बाकावर बसली. आत पूर्वा नावाची तरुण डॉक्टर. ती विचारतच सुटली. कधीपासून दुखतंय, खोकल्यावर वाढतं का, मुंग्या येतात का, लघवीवर ताबा आहे ना? अहो, प्रश्न विचारणं हा माझा धंदा, उत्तरं द्यायची सवय कुठून असणार? तरी डावा पाय दुखतो असं ठोकून दिलं आणि त्याच पायाने व्यवस्थित लंगडत टेबलावर जाऊन उताणा पडलो.

तिने डाव्या टाचेखाली हात घातला. मी वेळ साधून किंचाळलो.

"काका, अजून उचलला नाहीये."

मग तिने उजवा पाय सरळ ठेवून जेमतेम वीतभर उचलला. त्या ओरडण्याला काही तयारी लागली नाही.

"डॉक्टर, हे ओरडणं खरं," पडद्याबाहेरून सुनंदा म्हणाली. "उजवाच दुखतोय त्यांचा. अहो, डावा काय सांगताय?"

पकडला गेलो म्हणून काय गप्प बसू? उलट मी बातमीदार आहे असं बजावून मीच जाब विचारला, पाय दुखतो तर कंबर का शेकता?

"नळाला पाणी नसलं तर तुम्ही नळाची बातमी करता, की वर फुटलेल्या पाइपची? पायाची नस कंबरेतून निघते, काका. ती दाबली जातेय तिथे, कळतंय खाली."

मुद्दा बिनतोड होता. मी तसं बोलून दाखवलं नाही, तो भाग वेगळा.

तिने मला पालथं झोपवून कोपरांवर रेलत छाती उचलायला लावली. पोटरीतली कळ हळूहळू वर सरकली. हे चांगलं लक्षण आहे, म्हणाली. रोज करा, थोडं थोडं चाला, तासन्‌तास बसू नका.

बसू नका! मी पालथा असतानाच संपादकाला फोन लावला. डेस्क रद्द, डॉक्टरांची मनाई. तो म्हणाला, डॉक्टरांना द्या. शिकलाय ना माझ्याच हाताखाली!

"हो, जास्त वेळ बसायला मनाई आहे," पूर्वाने त्याला सांगितलं. "पण यांनी सांगितलेलं तसंच छापू नका. दुखतोय कुठला पाय, हे मला काकूंनी सांगितलं."

सोमवारी मी मोर्चात होतो, हे ठासून सांगतो. मध्ये मध्ये भिंतीला टेकलो असेन, पण होतो. बातमीही चोख पाठवली. त्यावर संपादकाचा एकच प्रश्न आला, "सर, सोबत काकू होत्या ना?"