मास्तरांच्या बोटाचा दावा

टेलरमास्तरांना कुणी तब्येत विचारली की ते माप सांगत. "कंबर अर्ध्या इंचानं उतरलीय, बाकी झकास." सदतीस वर्षं कोट शिवण्यात गेली होती. गळ्यात टेप नसली की त्यांना चारचौघांत उघडं पडल्यासारखं वाटे. दुकान एका अरुंद रस्त्यावर, चष्मेवाला आणि किल्ल्या करून देणारा यांच्या मधोमध. आत एका भिंतीशी मास्तरांचं कापायचं टेबल, समोरच्या भिंतीशी बायकोचं काजं करायचं मशीन. दोघं दिवसभर एकमेकांकडे पाठ करून बसत, आणि तशाच पाठमोऱ्या स्थितीत भांडत. मास्तर म्हणत, समोरासमोर बसलो असतो तर एवढी वर्षं निभली नसती.

एका मंगळवारी सकाळी मास्तर एका जाड कोटाला अस्तर लावत होते. उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान होतं, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटावर चढवायची धातूची टोपी. त्या कोटाच्या बाहीत एक गांधीलमाशी मुक्कामाला होती. मास्तरांनी बाहीत हात घातला आणि ती नेमकी त्या बोटाच्या बुडाशी डसली. दहा मिनिटांत बोट फुगलं. अंगुस्तान काही केल्या निघेना. साबण झाला, तेल झालं, बायकोनं पाय टेबलाला लावून ओढूनही पाहिलं. बोट जांभळं पडलं तशी तिच्या तोंडचं पाणी पळालं. चष्मेवाल्यानं दुकानाचं शटर ओढलं, दोघांना गाडीत घातलं आणि थेट इस्पितळाच्या आपत्कालीन विभागात आणून सोडलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हाताला हलक्या होत्या. त्यांनी छोट्या कातरीनं अंगुस्तानाला दोन काप दिले, ते उकललं, एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, "चला, वाचलं बोट." आल्यापासून पन्नास मिनिटांत मास्तर पुन्हा रस्त्यावर होते. त्यांचा जीव भांड्यात पडला. दुपारी त्यांनी त्याच कोटाचं अस्तर पुरंसुद्धा केलं.

तीन आठवड्यांनी बिल आलं.

मास्तरांनी रक्कम पाहिली आणि मनातल्या मनात हिशेब केला: अस्तरासकट अकरा कोट. मग त्यांनी एकेक ओळ बायकोला वाचून दाखवली. आपत्कालीन कक्ष. डॉक्टर. इंजेक्शन. "उजव्या हाताचे मधले बोट, कापून काढले." शेवटी, "काढलेल्या अवयवाची विल्हेवाट."

मशीन थांबलं. सदतीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच बायको वळून बसली.

"मोजा," ती म्हणाली.

मास्तरांनी मोजली. पाच होती. खात्री व्हावी म्हणून त्यांनी डाव्या हाताचीही मोजली.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचं पत्र आलं. त्यावर वरच ठळक छापलं होतं, "हे बिल नाही." खाली कळवलं होतं की बोट काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी किमान चोवीस तास दाखल असणं आवश्यक असून आपण पन्नास मिनिटंच होता, सबब दावा नामंजूर. आपल्या हानीबद्दल आम्हाला सहानुभूती आहे. सोबत एक घडीपत्रक होतं, "बोटाविना समृद्ध जीवन." त्यावर एक गृहस्थ हसत हसत कुंडीला पाणी घालत होते.

"याची बोटं मात्र सगळी आहेत," बायको चष्मा वर करून म्हणाली.

मास्तर कागद घेऊन इस्पितळात गेले. बिलाच्या खिडकीत एक बाई होत्या, निवृत्तीला चार महिने उरलेल्या. लोकांचा आरडाओरडा ऐकून ऐकून त्यांचा स्वभाव पिठासारखा मऊ झाला होता. त्यांनी सगळे कागद आपल्याकडे ओढले, दोन ढीग केले आणि तिसऱ्याला जागा ठेवली.

"हे बघा मास्तर, घाबरू नका आणि इतक्यात पैसे भरू नका. हे आमचं बिल. हे विम्याचं पत्र, हे नुसतं ते काय देणार आणि काय नाही ते सांगतं, हे बघून कुणालाही पैसे द्यायचे नसतात. निम्मी माणसं दोन्हीकडे भरून मोकळी होतात. आणि हा तिसरा कागद तुमच्याकडे नाहीच, तो मी देते. तपशीलवार बिल. मागितल्याशिवाय कुणी देत नाही."

तपशीलवार बिलात घोळ सापडला. नोंदणी करणाऱ्या कारकुनाला संगणकानं विचारलं होतं: काय केलं? त्यानं भरलं, कापून काढलं. मग संगणकानं विचारलं: काय कापून काढलं? तिथे टंकायची सोय नव्हती, यादीतूनच निवडायचं होतं, आणि यादीत फक्त शरीराचे भाग होते. अंगुस्तान कुठून असणार? चौकट रिकामी ठेवली तर रोग्याला घरी सोडता येईना. कारकुनानं त्यातल्या त्यात जवळचं ते निवडलं. पुढची विल्हेवाट संगणकानं आपणहून लावली.

"मग खोडून टाका," मास्तर म्हणाले.

"बिल विम्याकडे गेलं की खोडता येत नाही. फक्त वाढवता येतं."

मास्तरांनी खिडकीतून हात आत घातला. "बाई, हे काय दिसतंय तुम्हाला?"

"बोट दिसतंय."

"मग तसं लिहून द्या."

"दिसतंय असं मी सांगू शकते. लिहायचा अधिकार डॉक्टरांना." त्यांनी आवाज खाली आणला. "आधी विम्याकडे अपील करा. मुदत तीस दिवस. फोनवर बोललात तरी मागून लेखी द्या, कुणाशी बोललात ते टिपून ठेवा, आणि प्रत ठेवल्याशिवाय एक चिठोरंही हातचं सोडू नका."

मास्तरांनी मापाच्या वहीचं एक कोरं पान घेतलं, वर 'बोट' असं शीर्षक दिलं आणि खाली तारखा मांडायला सुरुवात केली.

विम्याच्या फोनवर जो माणूस होता तो इतका अदबशीर की त्याच्यावर चिडणं जमेना.

"काका, एकदम सोपं आहे. हाताचा फोटो पाठवा."

बायकोनं चांगल्या उजेडात, पांढऱ्या अस्तराच्या कापडावर हात ठेवून फोटो काढला. शेजारी टेपही पसरली, म्हणजे मापात शंका नको. आठ दिवसांनी उत्तर आलं. "आपण पाठवलेल्या छायाचित्रातील हातास पाच बोटे आहेत. आमच्या नोंदीनुसार आपल्या उजव्या हातास चार आहेत. कृपया स्वतःच्या हाताचे छायाचित्र पाठवावे."

मास्तर कपाळाला हात लावून बसले. तोच हात.

त्या आठवड्यात त्यांचं कामात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाची बाही पाऊण इंच आखूड झाली, असं आजवर कधी घडलं नव्हतं. मधूनच ते बोट मिटत, उघडत, त्याच्याकडे बघत राहत. एकदा बायकोला म्हणाले, "एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांनी कागदावर लिहिलंय. आपलंच काही चुकत नसेल ना?"

बायकोनं टोपलीतून टाचणी उचलली आणि त्या बोटाला टोचली. मास्तर ओरडले.

"तुमचंच आहे," ती म्हणाली आणि काज पुरं करायला वळली.

मग दोघं मिळून डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंना मास्तर पक्के आठवत होते. पण अडचण निराळीच होती. तपासल्याशिवाय दाखला देता येत नव्हता, तपासायचं तर नवीन भेट नोंदवावी लागणार, आणि नवीन भेटीसाठी तक्रार हवी. यादीत दुखणं होतं, सूज होती, खाज होती. 'बोट आहे' ही तक्रार यादीत नव्हती.

"मी थोडं दुखतंय म्हणू का?" मास्तरांनी विचारलं.

"दुखतंय का?"

"नाही. पण खोटं मला बोलवत नाही."

हे सगळं चाललेलं बिलाच्या खिडकीतल्या बाईंच्या कानावर गेलं. त्या जेवणाची सुट्टी सोडून वर आल्या, खुर्ची ओढली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "पहिल्या भेटीनंतर एकदा फुकट बघायची सोय आहे, तीत बघा. आणि मला फक्त सांगा, मास्तरांचं बोट हाताला जोडलेलं आहे की नाही?"

"आहे की."

"मग तेवढंच लिहा. खरं तेच लिहा."

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, "उजव्या हाताचे मधले बोट हाताला जोडलेले असून हालचाल उत्तम." सही केली. खिडकीतल्या बाई तो कागद घेऊन खाली गेल्या. संगणकानं 'जोडलेले' हा शब्द वाचला आणि काढलेलं बोट यशस्वीपणे परत जोडल्याची नोंद केली, शुल्क शून्य. एवढंच नाही, अवयव परत जोडला म्हणजे त्याची विल्हेवाट लागली नाही, हेही त्याला आपोआप उमगलं आणि ती ओळ गेली. काढलेलं बोट परत लागल्यामुळे कापण्याची ओळही 'किरकोळ उपचार' या सदरात उतरली, आणि किरकोळ उपचाराला चोवीस तासांची अट नव्हती.

मास्तर अस्वस्थ होते. "आपण कुणाला फसवलं तर नाही ना?"

"तुम्ही कुठे काय बोललात?" बायको म्हणाली. "बोट जोडलेलं आहे. मी ओढून पाहिलंय."

विमा कंपनीची एक शेवटची शंका उरली. बोट काढल्यापासून जोडेपर्यंत अडतीस दिवस गेले होते. त्या काळात ते कुणाच्या ताब्यात होतं आणि कोणत्या तापमानाला ठेवलं होतं, याचा लेखी खुलासा हवा होता. मास्तरांनी दोन दिवस विचार करून एक वाक्य लिहिलं, "सदर काळात बोट माझ्याच जवळ होते." तापमानाच्या रकान्याशी ते अडले. बायकोनं पेन घेतलं आणि लिहिलं, "घरचे."

दावा मंजूर झाला. मास्तरांच्या वाट्याला जे भरायचं उरलं ते एका जाकिटाच्या शिलाईपेक्षा कमी होतं. ते भरून त्यांनी पावती घेतली आणि पावतीची प्रत काढली. खिडकीतल्या बाईंनी निवृत्तीच्या दिवसासाठी राखाडी कोट मागितला होता. मास्तरांनी खिडकीतूनच त्यांचं माप घेतलं, जेवढं खिडकीतून घेता आलं तेवढं, आणि बाकीचं अंदाजानं. कोट अंगाला असा बसला की त्यांच्या साहेबांनी तोंडात बोटं घातली.

वर्ष संपलं तसा नव्या विम्याचा कागद आला. आता मास्तर असे कागद दारातच उभ्यानं वाचत. सगळं होतं तसंच होतं, फक्त एक ओळ नवी होती. पूर्वीची गंभीर दुखापत लक्षात घेता उजव्या हाताचे मधले बोट यापुढे विम्यातून वगळण्यात येत आहे.

"अपील करायचं?" बायकोनं पाठमोरीच विचारलं.

मास्तरांनी थोडा विचार केला. मग वहीतलं 'बोट' हे पान उघडलं, खाली तारीख टाकली आणि म्हणाले, "तीस दिवस आहेत. आधी तो निळा कोट उरकू दे."