जिथे आपलं कुणी नाही असं बंदर

दरवर्षी बहरीनहून रत्नागिरीला जाताना आमच्या अर्ध्या गुदैबिया मोहल्ल्याची पार्सलं आमच्याच बॅगांत असायची. त्र्याण्णवच्या सुट्टीत मी वैतागून म्हटलं, खलास, यंदा कॅरिबियन क्रूझ! एजंटाने दोन मार्ग दाखवले. एकात जमैका होतं. तिथे नवऱ्याच्या दोस्ताचा भाऊ निघाला, म्हणून तो मार्ग मी तिथल्या तिथे बाद केला. दुसऱ्यातल्या एकेका बंदरावर बोट ठेवून नवऱ्याला विचारलं, "इथे आपलं कुणी?" कुणीच नव्हतं. तरी जिवाला चैन पडेना, तेव्हा पुन्हा विचारलं आणि मगच बुकिंग केलं. संध्याकाळी खालच्या मजल्यावरची चाची लोणच्याची बरणी घेऊन दारात उभी.

"बंदरात कुणाला शोधत हिंडायला नको तुला," ती म्हणाली. "माझा भाचा त्याच जहाजावर स्वयंपाकी आहे."