सगळ्यांची सुट्टी रद्द, माझी सोडून

मंडळी, दुपारपासून जिवाला चैन नाही, म्हणून लिहून राहिले.

लढाईमुळे आज आमच्या फॅक्टरीत सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. माझी नाही झाली. उद्या मी हातानं चालवायच्या तीनचाकी सायकलवर कन्याकुमारीला निघणार आहे. व्हीलचेअर मागे बांधायला इथल्याच गोरखपूर भागातल्या वेल्डरकडून कॅरियरही करून घेतलं.

साहेबांना विचारलं, "सर, मेरी ही क्यों छोड़ दी?"

"दीदी, आप आराम से घूम आइए. आपके बिना चल जाएगा."

ते प्रेमानंच बोलले, त्याचाच जास्त राग आला. कित्येक वर्षं तिथं तोफगोळ्यांचे फ्यूज तपासून राहिले मी.

आता हट्टानं मिळवलेली सुट्टी कोणीतरी रद्द करावी म्हणून फोनकडे पाहत बसले आहे. तुम्ही असता तर उद्या सायकल कुठं वळवली असती, कन्याकुमारीकडे की फॅक्टरीच्या गेटकडे?